नक्षी नोहोय, ठोके होय ते

मी तालुका वार्ताहर. बातमीचे पैसे नावापुरते, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. पंधरा ऑगस्टच्या पुरवणीसाठी सरपंच, सोसायटी, कृषी केंद्र यांच्या शुभेच्छा गोळा करायच्या आणि उरलेल्या वेळात धानावरचा तुडतुडा, रेतीचे ट्रॅक्टर, वाघानं मारलेली गाय. आठ वर्षं हेच केलं.

भंडाऱ्याची जुनी ओळख पितळी भांड्यांची. त्यामुळे धनत्रयोदशी आली की ‘पितळ उद्योग मरणपंथाला’ ही बातमी ठरलेली. खरं सांगतो, दोन वर्षं मी फक्त आकडे बदलून तीच बातमी पाठवली होती. तिसऱ्या वर्षी कारखान्यात गेलो तर तिथले कारागीर काका गुंड, म्हणजे पाण्याचं पितळी भांडं, ठोकत बसले होते आणि त्यांना बोलायला वेळ नव्हता. तासभर नुसता पाहत बसलो. शेवटी काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "नक्षी मस्त उठली, काका."

"नक्षी नोहोय भाऊ, ठोके होय ते. ठोके नाही देल्ले त पत्रा नरमच राह्यते. भरला गुंड उचलला का पोट चेपते."

ठोक्यानं धातू कडक होतो. फार ठोकलं तर तडकतो, म्हणून मधे भट्टीत तापवून पुन्हा नरम करायचा. मी ज्याला सजावट समजत होतो तो गुंडाचा कणा होता. घरी येऊन जुनी कात्रणं काढली. मजुरी, कच्च्या मालाचा भाव, सरकारचं दुर्लक्ष, सगळं होतं. भांडं कसं होतं, याबद्दल एक ओळ नव्हती.

मग शोधाशोध सुरू केली. भारत सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझाइनर जोडपं भारतात हिंडलं आणि 1958 साली त्यांनी एक अहवाल दिला, हे तेव्हा कळलं. त्याच अहवालातून पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात ते लोट्यापाशी थांबतात. पाणी किती मावावं, उचलणारा हात केवढा, डोक्यावर न्यायचा की कडेवर, भरल्यावर तोल कुठे जातो, रिकामा असताना कुठे, ओतताना धार कशी पडते, एवढंच नाही तर आवाज कसा येतो, असे प्रश्न. वाचून आनंद कमी, चरफड जास्त झाली. आमच्याकडे त्याला गडवा म्हणतात आणि मी जन्मापासून त्यानं पाणी पितो आहे.

ते प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले आणि त्यांना घेऊन नऊशे शब्द लिहिले. डेस्कवरून फोन आला, "डिझाइन म्हणजे साडीवरचं ना? महिला पुरवणीत घेतो." लेख मेंदीच्या चित्राशेजारी अर्धा छापून आला. मथळा होता ‘पितळी नक्षीचं सौंदर्य’. काकांनी कात्रण वाचलं, घडी घातली, परत दिलं. बोलले काहीच नाहीत.

पुढे मी सुचवलेली लेखमाला नाकारली गेली, तरी रविवारी हिंडणं सोडलं नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, 1938 साली गांधीजींनी सुरू केलेल्या, चरख्यांपुढे एक अख्खा दिवस काढला. सुधारित चरख्यासाठी 1929 मध्ये लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. त्याच्या अटी मला अजून पाठ आहेत: हलका हवा, झोपडीत मावावा, बाईला आठ तास फारसं न थकता चालवता यावा, किंमत दीडशेच्या आत, वीस वर्षं टिकावा. डिझाइन कशाला म्हणतात असं कुणी विचारलं की मी या अटीच ऐकवतो. करवती साडीचं तसंच. कोशाच्या रेशमाचं अंग आणि सुती काठ यांचे धोटे वेगळे चालतात आणि जिथे धागे एकमेकांत अडकतात तिथे करवतीचे दाते उमटतात. पण विणकर बोलायला लागले की माझी वही पुरायची नाही, म्हणून या हिंडण्यातून पुढे जे पुस्तक झालं त्यात ते प्रकरण सगळ्यांत लांब झालं.

पुस्तक स्वतःच काढायचं ठरलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारी संस्था फुकट देते, ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. एकानं तो ‘मिळवून देण्याचे’ दीड हजार मागितले होते. अर्ज दोनदा परत आला, तिसऱ्यांदा क्रमांक मिळाला. 1954 च्या कायद्याप्रमाणे एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना स्वखर्चानं पाठवायची असते, हे आमच्या पोस्टमास्तरांनाही नवीन होतं.

खरा घोळ प्रेसमध्ये झाला. मी युनिकोडमध्ये लिहिलेलं, त्यांच्याकडे जुना फॉन्ट. मजकूर बदलून घेताना सगळे ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ फुटले. गोऱ्हा, चऱ्हाट, शेतकऱ्यांनी, आणि सगळ्यांच्या वरताण म्हणजे मुखपृष्ठावरच्या ओळीतलं वऱ्हाड! ‘र’ एकीकडे, ‘हा’ दुसरीकडे, मधे भोक. वस्तूंच्या घडणीवरचं पुस्तक आणि त्याचीच अक्षरं सांध्यात निखळलेली. अकरा फर्म्यांचं, म्हणजे पानांच्या अकरा जुड्यांचं, प्रूफ मी आणि बायकोनं पुन्हा अक्षरन्‌अक्षर वाचलं, लाल पेनानं. दोन ‘ऱ्ह’ तरीही निसटले. कुठे आहेत ते सांगणार नाही.

तीनशे प्रती. पहिली घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी आधी ती तळहातावर तोलली. मग गुंडाचं पान काढलं, चष्मा शोधायला हात सोडला, पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

"मिटून मिटून जाते गा हे. छापणाऱ्यानं हातात घेऊन पाह्यलं नाही का?"

शेवटी त्यांनी शेजारचा पाण्याचा गडवा उचलून पानाच्या कडेला ठेवला आणि वाचायला लागले. नुसत्या गोंदाची बांधणी स्वस्त पडते म्हणून मीच निवडली होती. परवा प्रेसला फोन करून शिलाईच्या बांधणीचा भाव विचारला आहे. प्रतीमागे किती वाढतील ते अजून कळवलेलं नाही.