बालेकिल्ला म्हणजे नुसता पांढरा फोटो

सकाळपासून पावसाने जी झोड उठवलीय, सिंहगड रोडला बाहेर पडायची सोयच नाही. मग जुनी हार्डडिस्क काढली, म्हटलं फोल्डर तरी नीट लावू, आणि चहावर साय आली तरी मी आपली तिथेच!

जुलै २०११. स्वारगेटहून पहाटेची एसटी, मार्गासनीला उतरून साखर गावावरून चालत गुंजवणे आणि मग राजगड. गडाचे म्हणाल तर चौदा फोटो आहेत आणि चौदाच्या चौदा पांढरे. ढगच ढग. (ते मी तेव्हा हौसेने फेसबुकवर टाकलेले पण, धन्य!)

पण खालच्या वाटेवरचे फोटो काय आलेत हो. भाताची लावणी चाललेली, खाचरात गुडघाभर चिखल, आणि बांधावर एक आजी बसलीय, डोक्यावर इरलं, बांबूच्या कामट्या आणि पानांचं, खरंखुरं. शेजारची बाई मात्र युरियाची गोणी, एक कोपरा आत दुमडून डोक्यावर घेतलेली. झूम केलं तर गोणीवरची अक्षरं वाचता येतात. आजी म्हणाली होती, "कुठं निघालीस गं पावसापाण्याची, घरी काम न्हाई व्हय?" उत्तर सुचलं नव्हतं, हसले नुसती.

एक फोटो होता नुसत्या चिखलाने भरलेल्या बुटांचा. ट्रेकच्या मैत्रिणीला व्हॉट्सअॅपवर पाठवला, म्हटलं बघ तुझे बूट. दोन मिनिटांत रिप्लाय, "माझे नाहीत, तुझेच. माझा एक ओढ्यात गेलेला, विसरलीस?"

विसरले होते खरंच.