घरची बिअर विमानातून नेताना

घरी आंबवलेली बिअर विमानात फुटेल, ही भीती पहिल्या वेळी मलाही वाटली होती. परंतु विमानाच्या सामानकक्षातही प्रवासी कक्षाइतकाच हवेचा दाब राखला जातो आणि तो सहसा जमिनीवरील दाबाच्या तीन चतुर्थांशाच्या खाली जात नाही. बाटलीच्या आत मुळातच दोन-तीन वातावरणांइतका दाब असताना बाहेरच्या एवढ्याशा फरकाने धडधाकट काचेला काही होत नाही.

खरा धोका आदळआपटीचा आणि अर्धवट आंबवणीचा. साखर शिल्लक असतानाच बूच बसवले, तर यीस्ट आत काम करत राहते व दाब वाढत जातो. म्हणून बिअरमध्ये साखर किती उरली याचा अंदाज देणाऱ्या घनतामापकाचा आकडा सलग तीन दिवस स्थिर राहिल्याशिवाय मी बाटल्या भरत नाही, आणि निघण्यापूर्वी त्याच खेपेतील एक बाटली उघडून पाहते. फेस गळ्याबाहेर उसळला, तर ती खेप घरीच राहते.

हातातल्या सामानात बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरची मर्यादा असल्याने बाटल्या मोठ्या बॅगेतच जातात. प्रत्येक बाटली जाड लोकरी मोज्यात सरकवून, झिपच्या पिशवीत बंद करून, कपड्यांच्या मधोमध अशी ठेवावी की काच काचेला लागणार नाही. जिथे उतरायचे, तिथले सीमाशुल्काचे नियम आधी वाचावेत.

पोहोचल्यावर घाई करू नये. हलून वर आलेला यीस्टचा गाळ खाली बसेपर्यंत, निदान दोन दिवस, बाटल्या थंड जागी उभ्या ठेवाव्यात.