अर्धी पेनी, पूर्ण पावती

शेतात सापडलेलं चांदीचं नाणं घेऊन मी इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या सफोक परगण्यातल्या, सरकारी माणसाकडे गेलो आणि तेच नाणं खिशात घालून परत आलो, हे नाशिकला फोनवर सांगितलं तेव्हा बाबांनी पहिला प्रश्न केला, "मग त्यांनी घेतलं काय?" काहीच घेतलं नाही म्हटल्यावर त्यांची खात्री झाली की मी काहीतरी लपवतोय. आई म्हणाली, परक्या मुलखात असल्या भानगडीत पडू नकोस. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर "सफोकमध्ये हंडा सापडला" इथपर्यंत मजल गेली. हंडा वगैरे काही नाही. नखाएवढा तुकडा आहे, तोही अर्धा.

या सगळ्याला कारणीभूत आमचे शेजारी. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर बस चालवलेले गृहस्थ. इथे त्यांना सगळे नावाने हाक मारतात, अगदी समोरच्या घरातलं सहा वर्षांचं पोरसुद्धा. माझ्या तोंडून ते अजून निघत नाही, म्हणून मी शक्यतो हाकच मारत नाही, नुसता समोर जाऊन उभा राहतो. मनात मात्र मी त्यांना तात्या म्हणतो आणि इथेही तेच म्हणणार. तात्यांना निवृत्तीनंतर मेटल डिटेक्टरचा नाद लागला. बायकोला तो आवडत नाही, मुलं लांब राहतात, आणि शनिवारी सकाळी रिकामा दिसणारा गल्लीतला एकमेव माणूस मी. अशी आमची जोडी जमली.

ऑक्टोबरात गहू-जव निघून गेल्यावर आणि पुढची पेरणी व्हायच्या आत शेतं मोकळी असतात. धसकटं पायाला टोचतात, चिकण माती बुटाला किलोकिलोने चिकटते आणि जिकडेतिकडे गारगोट्या. त्यात कानाला हेडफोन लावून, मशीन जमिनीलगत डावीकडून उजवीकडे झुलवत, गोगलगाईच्या चालीने जायचं. लोखंड असेल तर मशीन घशातल्या घशात गुरगुरतं, चांदी असेल तर पातळ, उंच आवाज काढतं. पण तसाच आवाज कोल्ड्रिंकच्या डब्याच्या टोपणालाही येतो, हे तात्या आधी सांगत नाहीत. काडतुसांच्या पितळी बुडख्या, जुनी बटणं, शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या, ट्रॅक्टरचे नटबोल्ट, हा बहुतेक दिवसांचा ऐवज. खड्डा काढायचा, बघायचं, सुस्कारा सोडायचा आणि खड्डा बुजवून वर गवताचा तुकडा होता तसा बसवायचा. या बुजवण्याबाबत तात्या फार कडक आहेत. शेतमालकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय ते बांधावरही पाय ठेवत नाहीत. मिळेल त्यातलं अर्धं मालकाचं, असा कागद दोघांमध्ये आहे. आपल्याकडे सख्ख्या भावांत बांधावरून कोर्ट चालतं आणि इथे बटणांच्या वाटणीचा करारनामा.

तो आवाज आला तेव्हा तात्या थर्मासमधला चहा ओतत होते. त्यांनी न बघताच सांगितलं, खण. मातीच्या ढेकळात काहीतरी राखाडी, काडीसारखं पातळ दिसलं. मी ते अंगठ्याने पुसायला गेलो तर ओरडले, "घासू नकोस!" चांदी मऊ असते, मातीतल्या बारीक खड्याने ओरखडा उठतो. पाण्याच्या बाटलीचे चार थेंब टाकले तेव्हा एका बाजूला राजाचा अर्धा चेहरा दिसू लागला. ठिपक्यासारखा एकच डोळा, कानाजवळ कुरळ्या केसांच्या गुंडाळ्या. दुसऱ्या बाजूला दुहेरी रेघांच्या क्रूसाचा हात आणि त्याच्या कडेने तुटकी अक्षरं. तिसऱ्या हेन्रीची पेनी. १२४७ मध्ये या राजाने नवं नाणं पाडलं आणि क्रूसाचे हात थेट कडेपर्यंत नेले, कारण लोक नाण्याच्या कडा कातरून चांदी काढत. कडेपर्यंत रेघ असली की कातरलेलं लगेच कळावं, ही कल्पना. लोकांनी त्या रेघांचा आपल्या सोयीने वेगळाच उपयोग केला. पेनीपेक्षा लहान नाणं नसल्यातच जमा, मग मोड कशी द्यायची? क्रूसावर कात्री चालवायची. दोन तुकडे झाले की अर्धी पेनी, चार झाले की फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. पहिल्या एडवर्डने १२७९-८० च्या सुमारास गोल फार्दिंग आणि गोल अर्धी पेनी काढली, तेव्हा कुठे ही कापाकापी थांबली. म्हणजे आपल्याकडे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या वेळी माझा हा तुकडा बहुधा कुणाच्या तरी कनवटीतून निसटून या शेतात पडलेलाही होता. हे मनात आलं आणि मी बराच वेळ तसाच गुडघ्यावर बसून राहिलो. तात्यांना वाटलं, पाठ धरली.

आता पावतीची गोष्ट. इंग्लंडचा खजिन्याचा कायदा १९९६ चा. तीनशे वर्षांहून जुनी, किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली की तो खजिना. चौदा दिवसांच्या आत कोरोनरला कळवायचं, म्हणजे आकस्मिक मृत्यूची चौकशी करतो त्याच अधिकाऱ्याला. तो मग मृतदेहाची करतो तशी हंड्याचीही रीतसर चौकशी करतो. एखाद्या संग्रहालयाला हवं असेल तर किंमत ठरते आणि ती सहसा सापडवणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. पण सुटं एकच नाणं या व्याख्येत बसत नाही. माझा तुकडा तर एकही नाही, अर्धाच. कुणाला सांगायची सक्तीच नव्हती. तरी तात्या म्हणाले, नोंदवायचं. नोंदवलं नाही तर ते नुसतं चांदीचं टरफल आहे.

तर अशा सापडलेल्या वस्तूंच्या नोंदणीची एक योजना आहे आणि प्रत्येक भागात तिचा एक नोंदणी अधिकारी असतो. आमच्या भागातल्या बाई माझ्याच वयाच्या, हातात निळे मोजे. त्यांनी तुकडा काट्यावर ठेवला, पाऊण ग्रॅमही भरला नाही. मापाच्या चिमट्याने लांबी घेतली, दोन्ही बाजूंचे फोटो काढले, भिंगातून अक्षरं वाचली. मग विचारलं, कुठे? शेताचं नाव सांगितलं तर म्हणाल्या, तसं नाही, नेमकं कुठे? किती खोल? शेत नांगरलेलं होतं का? आसपास अजून काय निघालं? बटणं आणि टोपणं असं सांगितलं तर तेही लिहून घेतलं. चांदीबद्दल त्यांना काडीचा लोभ नव्हता, सगळा जीव त्या जागेत अडकला होता. ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखालच्या या योजनेत आजवर १५ लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे आणि ती कुणालाही घरबसल्या बघता येते. नेमकी जागा तेवढी सर्वांना दाखवत नाहीत, चोर जातील म्हणून. सगळं झाल्यावर बाईंनी तुकडा छोट्या पिशवीत घातला, त्यावर नोंदणीचा क्रमांक लिहिला आणि माझ्या हातात परत दिला. वर "आणल्याबद्दल आभार" म्हणाल्या. मी दारातच घुटमळलो. कुठे सही नाही? झेरॉक्स नाही? पंचनामा नाही? शिक्का तरी? तात्यांनी दंडाला धरून बाहेर काढलं. शेतमालकाला फोटो दाखवला, तो म्हणाला, "तुम्हीच ठेवा."

याच सफोकमध्ये हॉक्सन नावाचं गाव आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. मित्राकडे डिटेक्टर होता, तो शोधायला आला, आणि हातोड्याऐवजी रोमन काळातली सोन्याचांदीची सुमारे १५ हजार नाणी, चमचे, दागिने निघाले. मला त्या ऐवजापेक्षा त्या मित्राचं पुढचं वागणं भारी वाटतं. थोडं वर काढल्यावर त्याने हात थांबवला आणि अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी उरलेलं जसंच्या तसं उचललं, त्यामुळे लाकडी पेटीत काय कुठे रचलेलं होतं तेही समजलं. १७ लाख ५० हजार पौंड मिळाले, ते त्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

एवढं कौतुक वाचून "गेला हा, पक्का साहेब झाला" असं म्हणायची घाई करू नका. इथेही रात्री बॅटरी घेऊन दुसऱ्याच्या शेतात घुसणारे आहेत. २०१५ मध्ये हेरफर्डशरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातला मोठा साठा सापडला, त्यांनी तो दडवला आणि विकायला काढला. २०१९ मध्ये तुरुंगात गेले. तोवर सुमारे तीनशे नाण्यांपैकी जेमतेम तीसेक हाती लागली होती, बाकीची बहुतेक कुठे गेली देव जाणे. आणि प्रामाणिकपणा यांच्या रक्तातच असता तर ब्रिटिश म्युझियमच्या दालनांत आपल्याकडच्या मूर्ती जाऊन बसल्या नसत्या. हे मी तात्यांनाही ऐकवलंय. ते म्हणाले, "मी बस चालवायचो."

त्यांच्या बिस्किटाच्या डब्यात १७९७ ची तांब्याची पेनी आहे, बरोबर एक औंस वजनाची, हातात धरली तर दगडासारखी. बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या यंत्रावर पाडलेली. याच बोल्टनच्या टांकसाळीतून त्याआधी १७९१ मध्ये मुंबई इलाख्यासाठी कंपनी सरकारचे पैसे पाडून जहाजाने रवाना झाले होते. एका बाजूला तराजू आणि त्यात फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. आमच्या बाजारात चालणारा पैसा बर्मिंगहॅमला पडत होता आणि त्यावर न्यायाची जाहिरात, हे मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं. तात्यांनी पेनी परत डब्यात ठेवली.

बरं, आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. १८७८ चा आहे, याच लोकांनी केलेला. दहा रुपयांवर किमतीचं काही जमिनीत सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं. सापडवणारा आणि जमीनमालक यांच्यात आधी काही ठरलं नसेल तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे आणि चौथा मालकाचा. सरकारने ठेवून घेतलं तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त. कागदावर बघाल तर सापडवणाऱ्याला इथल्यापेक्षा आपलाच कायदा उदार! मग कलेक्टरकडे जातो कोण? आमच्या आजोळी विहीर खणताना गाडगं निघालं होतं, असं आजी सांगायची. कुठे गेलं विचारलं की पदराने तोंड झाकून हसायची. त्या वर्षी एका घराला मंगलोरी कौलं चढली, एवढंच गावाला माहीत. मी त्या घराला दोष देत नाही. कळवलं असतं तर हातात काय पडलं असतं? तारखा, चौकश्या आणि "अजून कुठे दडवलंय" हा प्रश्न. तात्यांना न दडवणं परवडतं, कारण त्यांना माहीत आहे की आणलेलं परत मिळतं. तिथेही असं मिळत असतं तर आमचे लोकही रांग लावून उभे राहिले असते, असं मला मनापासून वाटतं. निदान परदेशात बसून तरी तसंच वाटतं.

मधल्या काळात आपण गुप्तधनाचं काय करून ठेवलंय तेही बघा. पायाळू माणूस शोधा, डोळ्यांत अंजन घाला, मांत्रिकाला कोंबडं द्या. कोंबड्यावर भागत नाही म्हणूनच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धनाच्या शोधासाठीच्या नरबळीचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. आणि २०२५ च्या मार्चमध्ये मुघलांच्या खजिन्याची गोष्ट असलेल्या 'छावा' चित्रपटानंतर बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी रात्रभर बॅटऱ्या, चाळण्या आणि डिटेक्टर घेऊन गावंच्या गावं शेतं उकरत होती, त्याचा व्हिडिओ इथल्या बातम्यांतही आला. तात्यांनी तो मला आवर्जून दाखवला. त्यांचा पहिला शेरा होता, "खड्डे कोणी बुजवले नाहीत."

तेव्हा मी जोगलटेंभी काढली. नाशिकजवळ १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, हॉक्सनच्या तोडीस तोड. त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजाने, गौतमीपुत्र सातकर्णीने, आपला ठसा पुन्हा मारलेला. हरलेल्या राजाच्या नाकावर जिंकलेल्याचं चिन्ह. पांडवलेणीच्या शिलालेखात गौतमीपुत्राच्या आईने मुलाच्या या विजयाबद्दल जे कोरून ठेवलं त्याचा धडधडीत पुरावा या नाण्यांनी दिला. हा साठा कुणा सोनाराच्या मुशीत गेला असता तर तो लढा कसा फिरला यावर पंडित अजून भांडत बसले असते. तात्या चहा विसरून ऐकत होते. मला एकदम उंच झाल्यासारखं वाटलं. मग ते म्हणाले, "आणि शेतकऱ्याला किती मिळाले?" मी सँडविचचा डबा उघडला.

हे सगळं शाळेतल्या मित्राला पाठवलं, तर त्याचा लगेच मेसेज, येताना एक मशीन घेऊन ये, पांडवलेणीच्या मागच्या उतारावर जाऊ, पावसाने माती धुतली की तिथे काहीही मिळेल. मी कळवलं, संरक्षित स्मारक आहे, परिसरात खणलं तर आत जाशील. आणि समजा तुझ्याच मळ्यात काही मिळालं तर नोंदवायला कुणाकडे जाशील, ते आधी सांग. त्यावर उत्तर आलेलं नाही. काल रात्री मशीनची किंमत मात्र त्याने पुन्हा विचारली, रुपयांत.