तुम्ही विचारलंत म्हणून : पुलावरचा आकडा

जून लागला की एकच प्रश्न मला निरनिराळ्या तोंडांतून ऐकू येतो. मंडईत, बँकेच्या रांगेत, गणपती मंदिराच्या आवारात कोणी ना कोणी थांबवून विचारतेच, "काकू, तुम्ही रोज सकाळी पुलावर जाऊन पाण्याचा आकडा कशासाठी लिहून आणता? तो तर घरबसल्या मोबाईलवर कळतो." विचारणाऱ्यांना खरोखरच कुतूहल असते, पण उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही आणि माझेही होत नाही. म्हणून एकदा नीट बसून लिहिते आहे.

मी सांगलीच्या गावभागात राहते. आमच्या बोळातून बाहेर पडले की आयर्विन पूल चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. संस्थानच्या काळात, १९२९ साली बांधून झालेला हा पूल म्हणजे सांगलीकरांची मोजपट्टी आहे. कृष्णा नदीचे पाणी किती आहे हे आम्ही पुलापाशी किती फूट आहे यावरून सांगतो. ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. मी पोस्टात बचत खात्याच्या कामावर तीस वर्षे काढली, त्यामुळे आकडा दिसला की तो रकान्यात गेला पाहिजे ही सवय हाडीमांसी खिळलेली आहे. माझ्या वहीत सहा रकाने आहेत : तारीख आणि वेळ, पुलापाशी पाणी किती फूट किती इंच, कोयना धरणात साठा किती, तिथून विसर्ग किती, आमच्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकात पाऊस किती मिलिमीटर, आणि शेवटचा शेरा. पहिले पाच रकाने कोणालाही भरता येतील. शेऱ्याचा रकाना मात्र माझ्या घराचा आहे, आणि वही ठेवण्याचे खरे कारण त्या रकान्यात आहे.

ते कारण सांगायचे तर २००५ पासून सुरुवात करावी लागेल. त्या वर्षीच्या पुरात पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेले आणि आमच्या स्वयंपाकघरात पावणेदोन फूट चढले. पाणी ओसरल्यावर यजमानांनी भिंतीवरच्या गाळाच्या कडेला पेन्सिलीने रेघ ओढली आणि बाजूला साल लिहिले. पुढे चौदा वर्षे ती रेघ आमचे पंचांग होती. घरात कपाट आणले तरी ते रेघेच्या हिशेबाने ठेवायचे, विजेची बटणे वर घ्यायची ती रेघेच्या वर, धान्याचे डबे रेघेच्या वर. आपण पुरातून शिकलो आहोत, आता आपल्याला पुराचे माहीत आहे, असे आम्हाला मनापासून वाटत होते.

ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात पाणी चढू लागले तेव्हा बोळात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होते, "२००५ च्या वर काही जायचे नाही." मीही तेच म्हणत होते, आणि शेजारणींना धीर देतानाही तेच सांगत होते. सासूबाईंच्या वेळची पत्र्याची पेटी मी लोखंडी कॉटवर ठेवली आणि कॉटच्या पायांखाली दोन-दोन विटा सरकवल्या. रेघेपेक्षा पेटी चांगली हातभर उंच झाली, म्हणून निश्चिंत मनाने कुलूप घालून मी विश्रामबागेत बहिणीकडे गेले. तिथे टीव्हीवर ५४, ५५, ५६ असे आकडे येत होते आणि मी ते ऐकत होते, पण ५६ म्हणजे माझ्या घरात किती, हे मला सांगता येत नव्हते. शेवटी पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि आमच्या स्वयंपाकघरात साडेपाच फूट झाले.

दहा-बारा दिवसांनी परत आले तेव्हा पेटी कॉटवर नव्हती. ती तरंगत जाऊन मोरीच्या दाराशी आडवी पडली होती आणि तिच्यात बोटभर गाळ बसला होता. साड्या, कागद, जुने फोटो गेले. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. पण त्या पेटीत सासूबाईंची एक वही होती. तिच्यात त्यांनी टाकाच्या निळ्या शाईने वर्षाच्या पापड-लोणच्यांची मापे, कोणत्या महिन्यात कोणाचे श्राद्ध, कोणाला लग्नात काय दिले, असे सगळे लिहून ठेवले होते. मी उलथन्याच्या पातळ कडेने एकेक पान सोडवले आणि दोरीवर वाळत घातले. पाने सुटली, पण अक्षरे उरली नव्हती. प्रत्येक पानावर एक फिकट निळा डाग होता, मधोमध गडद आणि कडेला विरत गेलेला. त्याच पुरात आमच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तके भिजून लगदा झाली, त्यापुढे माझी एक वही ती काय, असे मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे. तरीही तिचे दुःख आहे ते आहेच.

गाळ काढता काढता मला माझी चूक उमगली. भिंतीवरची रेघ खोटी नव्हती. मागच्या वेळी पाणी कुठवर आले होते ते ती प्रामाणिकपणे सांगत होती. ते पुन्हा कुठवर येऊ शकते हे मात्र तिला ठाऊक नव्हते, आणि पुलावरच्या आकड्याशी तिचे नाते आम्ही कधी जोडलेच नव्हते. ते जोडायला अर्धा तास पुरला असता. मागाहून हिशेब केला तो असा : पुलापाशी ५० फूट होतात तेव्हा पाणी आमच्या बोळाच्या तोंडाशी येते, जोते दोन फुटांचे आहे, म्हणजे ५२ ला ते आमच्या उंबऱ्याला लागते, त्यापुढे पुलावरचा प्रत्येक फूट म्हणजे जवळपास घरातला एक फूट. हा आकडा मला पाच ऑगस्टला माहीत असता तर ५७ च्या अंदाजाला पेटी माळ्यावर गेली असती. मोबाईलवर येणारा आकडा साऱ्या सांगलीचा असतो. आपल्या उंबऱ्याचा आकडा ज्याचा त्याने काढावा लागतो, आणि तो वारंवार ताडूनही पाहावा लागतो, कारण पाणी दर वेळी एकाच वाटेने येत नाही.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कोयनेतून किती सोडले ते पाहिले की पुरे, मग बाकीचे रकाने कशाला? कोयनेचे महत्त्व मोठे आहेच. १०५ टीएमसीचे, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचे, ते धरण आहे, आणि त्याचे सहा वक्र दरवाजे उचलल्याची बातमी आली की आमच्याकडे बोलण्याचा सूर बदलतो. बातम्यांतल्या संख्या नुसत्या ऐकून मनात काही उभे राहत नाही, म्हणून मी एक हिशेब वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला आहे : एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, आणि साडेअकरा हजार क्युसेक विसर्ग दिवसभर चालू राहिला की एक टीएमसी पाणी होते. पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सोडले, अशी बातमी आली की लोक धास्तावतात, पण तेवढ्याने पुलापाशी फारसा फरक पडत नाही. पन्नास हजारांचा आकडा आला की मात्र उठावे लागते. तरीसुद्धा केवळ धरणाकडे पाहून चालत नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला, धरणांच्या खालच्या मोकळ्या क्षेत्रातही तो कोसळत होता, आणि ते सारे पाणी कोणत्याही दरवाजाची वाट न पाहता नदीत उतरले. शिवाय वारणा आहे. चांदोलीकडून येणारी वारणा आमच्या खालच्या अंगाला हरिपूरला कृष्णेला मिळते. ती भरून वाहत असली की कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही आणि सांगलीत फूग येते. वरून विसर्ग कमी झाला तरी पुलावरचा आकडा उतरत नाही तो यामुळे. हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. वहीत चौथा रकाना उतरताना आणि दुसरा तिथेच अडलेला दिसला, तेव्हा हरिपूरच्या एका जुन्या हळदीच्या व्यापाऱ्यांनी समजावून सांगितले. त्यांची पेवे, म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची कोठारे, २००५ च्या पुरातच गेलेली आहेत.

व्हॉट्सअ‍ॅपविषयी मला थोडे कळकळीने लिहायचे आहे. पुराच्या दिवसांत जो संदेश येईल तो पुढे पाठवण्याची आपल्याला घाई असते, आणि त्यात २०१९ चे जुने चित्रीकरण आजचे म्हणून फिरते. त्याने एखादी म्हातारी बाई रात्री दोन वाजता घाबरून घर सोडते, आणि पुढच्या वेळी खरा इशारा आला तरी तीच बाई जागची हलत नाही. दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा मोठे आहे. माझी प्रत्येकाला विनंती असते की, आकडा पाठवाल तर त्यापुढे वेळ लिहा. "पुलापाशी ४३ फूट" या संदेशाला काही अर्थ नाही. "सकाळी सात वाजता ४३ फूट, रात्री दहाला ४१ होते" हा संदेश कोणाचा तरी संसार वाचवू शकतो, कारण पाणी किती आहे यापेक्षा ते तासाला किती चढते आहे यावर आवराआवरीला किती वेळ उरला ते ठरते.

कृष्णेवरच, आमच्या खालच्या अंगाला कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाबद्दलही मला सारखे विचारले जाते. कर्नाटकाला त्या धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायची आहे आणि आपल्या राज्याचा त्याला विरोध आहे. तो विरोध योग्य आहे असे माझे मत आहे. ज्या काठावर तीन महापुरांनी घरे धुऊन नेली, तिथल्या माणसांच्या शंकेचे पूर्ण निरसन झाल्यावाचून खाली पाणी आणखी अडवू नये. पण २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अतिवृष्टीकडे आणि नदीच्या पूरक्षेत्रातल्या बांधकामांकडेही बोट दाखवले होते, आणि ते बोट आपल्याकडे वळलेले आहे. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, भराव टाकून घरे उभी राहतात. ओढ्यानाल्यांची तोंडे बुजतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने आयुष्याची पुंजी घालून अशाच भरावावर प्लॉट घेतला. विकणाऱ्याने त्यांना पूररेषेबद्दल अवाक्षर काढले नव्हते, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या दारात कमरेएवढे पाणी होते. अलमट्टीच्या मोर्चाला मी गेले आहे, पुढेही जाईन. पण शेजारचा नाला बुजवला जात असताना लेखी तक्रार करायला चौघेजण मिळत नाहीत याचे मला फार वाईट वाटते.

मग गावभाग सोडून उंचावर का जात नाही, असेही काहीजण विचारतात. बहीण तर दर वर्षी विचारते. घर सासऱ्यांनी बांधलेले आहे, पहाटे उठून घाटावर जाता येते, पोहणाऱ्यांच्या हाका ऐकू येतात आणि उन्हाळ्यात पात्र उघडे पडले की तेही पाहता येते. ज्या नदीने घर बुडवले तिच्याच काठी मला झोप लागते. याहून वेगळे कारण माझ्यापाशी नाही.

आता शेऱ्याच्या रकान्यात काय असते ते सांगते. पुलापाशी ३० फूट झाले की मी कागदपत्रांची पिशवी बांधते. ३५ ला खालच्या फळ्या रिकाम्या होतात आणि गॅसची टाकी जिन्यावर जाते. ३८ ला जड सामान माळ्यावर चढते. त्यासाठी कोयनेचा विसर्ग, हरिपूरची फूग, कशाचीही वाट मी पाहत नाही, कारण माळ्यावर सामान चढवायला चार माणसे आणि चार तास लागतात आणि ४५ नंतर माणसे आपापल्या घरात गुंतलेली असतात. २०२१ ला पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेले, आमच्या घरात अडीच फूट आले, आणि एक चमचाही भिजला नाही. ४८ ला वीज बंद करून, कुलूप घालून मी बाहेर पडते. प्रत्येक टप्प्यापुढे काय केले, किती वेळ लागला, काय राहून गेले, हे त्याच दिवशी लिहिते. २०२१ च्या शेऱ्यात "शिडी एकच, दोन हव्यात" असे आहे, आणि दुसरी शिडी त्याच दिवाळीत घेतली. बोळातल्या बारा घरांचे उंबरे मी आणि शेजारच्या सुताराने पाण्याची नळी लावून मोजले आहेत आणि ज्याचा त्याचा आकडा ज्याच्या त्याच्या चौकटीवर रंगाने लिहिला आहे. सर्वांत खालचे घर ५१ चे आहे, सर्वांत वरचे ५४ चे. आता पुलावरून येताना मी नुसता आकडा सांगते, आणि ३८ ऐकला की ५१ वाल्यांची शिडी सगळ्यांत आधी बाहेर येते.