कंटाळ्याचं गणित

डॉक्टरांकडे माझा नंबर चौदावा होता आणि फोनने मान टाकली होती. टेबलावर एक जुनं मासिक होतं, पण त्यातलं शब्दकोडं कुणीतरी आधीच सोडवलेलं. (आणि दोन शब्द चुकीचे!) पिशवीत विजेचं बिल सापडलं, १३७० रुपयांचं. पेनही सापडलं. मग बिलाच्या पाठीवर कापरेकर मास्तरांचा खेळ मांडला.

खेळ साधा आहे. चार अंकी आकडा घ्यायचा, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, मग चढत्या, आणि मोठ्यातून लहान वजा करायचा. येईल त्याचं पुन्हा तेच. ७३१० वजा ०१३७, म्हणजे ७१७३. पुढे ६३५४, ३०८७, ८३५२ आणि पाचव्या फेरीला ६१७४. तिथे गाडी थांबते, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४च. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना हे १९४९ साली गवसलं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक संगणक रीतसर सुरू झाला १९६० साली. म्हणजे मास्तरांकडे होता कागद, आणि आकड्यांचा नाद.

संध्याकाळी भाचीला सांगितलं. ती इंजिनीअरिंगला आहे. तिने लॅपटॉपवर पायथनच्या दहा-बारा ओळी लिहिल्या आणि मी चहा गाळेपर्यंत ०००० ते ९९९९ मधले, सारख्या अंकांचे दहा सोडून, सगळे ९९९० आकडे तपासून मोकळी झाली. सगळे ६१७४वर, जास्तीत जास्त सात फेऱ्यांत.

"झालं, मावशी. सिद्ध."

सिद्धच होतं, त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. मला तिसऱ्या आकड्यालाच कंटाळा आला होता, आणि कंटाळलेला माणूस चोरवाट शोधतो. तेवढ्यात दिसलं की अख्खी वजाबाकी करायची गरजच नाही. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान अंकातला फरक घ्या, त्याला ९९९ने गुणा. मधल्या दोघांतल्या फरकाला ९०ने गुणा. बेरीज केली की उत्तर. म्हणजे आकडा कुठलाही असो, कामाचे फरक दोनच. पहिला १ ते ९ मधला, दुसरा पहिल्याहून मोठा होऊच शकत नाही. मोजल्या तर अशा जोड्या भरतात ५४. ९९९० जणांची जत्रा पहिल्याच फेरीत एका एसटीत मावेल इतकी होते!

लॅपटॉपला हे शोधायचं कारणच नव्हतं. त्याला दहा हजारावा आकडाही पहिल्याइतकाच ताजा. कंटाळा येत नाही म्हणून तो चुकत नाही, आणि कंटाळा येत नाही म्हणूनच वाट वाकडी करून बघत नाही. आता खरं सांगायचं तर त्या ५४ जोड्या तपासायचाही मला कंटाळाच आला. ते काम मी त्याच्यावरच ढकललं.

भाची बिल निरखत होती. "हे चुकलंय." आईच्या जन्मसालाने, १९४६ने, मी एक डाव खेळले होते. ९६४१ वजा १४६९. उसना घेतलेला एक फेडायला विसरले आणि ८१७२च्या जागी लिहिले ८१८२. त्यापुढे ७५३३, ४१७६ आणि ६१७४. पोचले की! चुकलेलं उत्तरही शेवटी चार अंकीच आकडा. तोही त्याच वाटेने घरी येतो. भाचीने बरोबर उत्तर घेऊन पुन्हा मोजलं. सहा फेऱ्या लागल्या. माझ्या चुकीला चार.

तिने लॅपटॉपकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बिल उलटं केलं.

"मावशी, भरायची शेवटची तारीख काल होती."