चाकं जमिनीवर टेकवून : आमच्या गॅरेजची वाटचाल

आमचं गॅरेज मुख्यतः सस्पेन्शनचं, म्हणजे गाडीचं वजन पेलून खड्ड्यांचे हादरे झेलणाऱ्या भागांचं. आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक गाडीतून उतरतं आणि आधी तोंडानं आवाज काढून दाखवतं. कुणी "टक-टक-टक, डाव्या बाजूनं" म्हणतं, कुणी "धप्प" म्हणून मूठ तळहातावर आपटतं. हे सगळं आम्ही वहीत जसंच्या तसं उतरवून घेतो. गाडीचा नंबर, किलोमीटर, आवाज, तो कधी येतो आणि कधी येत नाही. अर्धं निदान तिथेच होतं. बारीक खडीवर हळू चालताना टक-टक येत असेल तर लिंक रॉडवर, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांड्याला जोडणाऱ्या छोट्या काडीवर, संशय घ्यायचा. खड्ड्यात एकदाच धप्प येत असेल तर शॉकअप, म्हणजे हादरे शोषणारी तेलाची नळी, किंवा त्याच्या आतला रबरी बफर. गाडी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवलं की स्प्रिंग टण्णकन उडते, तेव्हा वरचं स्ट्रट बेअरिंग, म्हणजे स्प्रिंगला चाकाबरोबर फिरू देणारं बेअरिंग, गेलेलं असतं. ब्रेक मारल्यावर खालून एकच ठोका आला तर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून चेसिसशी जोडणाऱ्या दांड्याचा, बुश, त्याच्या सांध्यातलं रबर.

चिपळूणहून कराडकडे जाणाऱ्या रस्त्याला, खेर्डीच्या बाजूला 2004 साली मी पत्र्याची शेड भाड्यानं घेतली. आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला होता आणि पुण्यात एका सर्व्हिस स्टेशनात सहा वर्षं काढली होती. त्याआधी, शाळेच्या सुट्टीत, इथल्याच एका जुन्या मिस्त्रींकडे ट्रकचे पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, उतरवायला जायचो. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, मीही चाचाच म्हणतो. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर त्यांनी आयुष्यभर केल्या. पद्मिनीला पुढे स्प्रिंग आणि मागे पाटे, अ‍ॅम्बेसेडरला पुढे पिळाचा दांडा, म्हणजे टॉर्शन बार, आणि मागे पाटे. मारुती 800 आली तेव्हा पुढच्या बाजूला ना धड पाटा ना दांडा, नुसता एक उभा पाय बघून आपण बराच वेळ बोनेटमध्ये डोकं घालून उभे होतो, असं ते सांगतात.

तो उभा पाय म्हणजे मॅकफर्सन स्ट्रट. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या छोट्या गाड्यांना पुढे हाच असतो. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यावर, वर बेअरिंगसकट माउंट, खाली लोअर आर्म आणि त्याच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला वळू देणारा गोल सांधा. गिऱ्हाइकाला मी एक गोष्ट दरवेळी समजावून सांगतो. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. खड्ड्यातून निघालेली स्प्रिंग वर-खाली नाचत राहिली असती, तिला आवरायचं काम शॉकअपचं. म्हणून गाडी मागून बसलेली दिसली की शॉकअप बदलून ती उठत नाही. तिथे स्प्रिंग थकलेली असते. उलट गाडी उंचीला बरोबर आहे, पण स्पीडब्रेकरनंतर होडीसारखी डुलते, तेव्हा शॉकअप बघायचा. त्यावर नुसता तेलकट ओलावा असेल तर लगेच बदलायची घाई नको, पण तेलाचा ओघळ आला असेल तर तो गेला. आणि बदलायचा तर दोन्ही बाजूंचा, एकटा नाही.

मागची बाजू मात्र प्रत्येक गाडीची वेगळी. जुन्या ऑल्टोला मागे सरळ अ‍ॅक्सल, त्याला पुढे चेसिसशी जोडणारे दोन ट्रेलिंग आर्म आणि तो बाजूला सरकू नये म्हणून एक आडवा लॅटरल रॉड. त्या रॉडचे बुश गेले की घाटातल्या वळणावर गाडीचा मागचा भाग बाजूला सरकल्यासारखा वाटतो. स्विफ्टला आणि आय-टेनला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी पिळणारी तुळई, त्यात बिघडण्यासारखं थोडंच. इंडिकाची मागची चाकं मात्र स्वतंत्र आर्मवर. टॅक्सीत चाललेली इंडिका मागून पाहिली की चाकं खाली फाकलेली दिसायची आणि मागचे टायर आतल्या कडेनं खाल्लेले असायचे. पहिल्या काही वर्षांत आमचं घर या इंडिकांनीच चालवलं, त्यामुळे त्या गाडीबद्दल मनात वेगळा जिव्हाळा आहे.

आता 2007 सालची गोष्ट सांगतो. आमच्या गॅरेजची खरी सुरुवात मी तिथून धरतो.

गुहागर तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाई त्यांची ऑल्टो घेऊन आल्या. रोजचा रस्ता जांभ्याच्या मातीचा, पावसात उखडलेला. लोअर आर्मचे बुश गेले होते. मी नवे बसवले. चार महिन्यांत तोच ठोका पुन्हा. खोलून बघितलं तर रबर फाटून सुटं झालेलं. पार्ट खराब निघाला म्हणून पुन्हा बदलले, मजुरी घेतली नाही. पुढचा पावसाळा अर्धा होतो न होतो तोच बाई तिसऱ्यांदा दारात. त्या रागावल्या नाहीत. "भाऊ, तुम्ही प्रामाणिक आहात हे मला माहीत आहे, पण मला रोज त्या रस्त्यानं जायचंय," एवढंच म्हणाल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी पार्टवाल्याच्या दुकानात जाऊन मी नको नको ते बोललो. खोटा माल देतोस म्हणालो.

दुपारी चाचा सहज चहाला आले. मी फाटका बुश त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडात धरून फिरवला, नखानं फाटलेली कड चाचपली आणि विचारलं, "बोल्ट आवळलास तेव्हा चाकं कुठे होती?"

"जॅकवर. लटकत."

"मग तूच फाडलास बाळा हा."

बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्या, एकीत एक, आणि मधे चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी चेसिसच्या कानांमध्ये घट्ट धरली जाते. ती फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा फक्त मधलं रबर पिळतं आणि परत येतं. चाक हवेत लटकत असताना आर्म पार खाली झुकलेला असतो. तिथे बोल्ट आवळला की रबराची विश्रांतीची जागा ती ठरते. मग गाडी जमिनीवर आली, आर्म वर उचलला गेला, की रबर उभ्या उभ्याच पिळलेलं राहतं. रात्री अंगणात उभी असतानासुद्धा त्याला सुटका नाही. त्यावर खड्ड्यांचा पीळ वेगळा. अशा बुशनं चार महिने तग धरला हेच खूप. पार्ट चांगलाच होता.

पुण्यातल्या सहा वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि घाईत मी ऐकलं नसेल. कामाच्या पुस्तकात ही ओळ असते. गाडीचं वजन चाकांवर असताना शेवटचं आवळायचं. चाचा ती पद्मिनीच्या आर्मवर काम करताना शिकले होते.

संध्याकाळी मी पार्टवाल्याकडे जाऊन माफी मागितली. बाईंना दोन्ही वेळचे पार्टचे पैसे परत केले आणि तिसरे बुश बसवताना बोल्ट हातानं लावून गाडी खाली उतरवली, चार माणसं आत बसवून दोन-तीनदा दाबली, मग चाचा आणि मी खाली झोपून टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं, बोल्ट आवळले. ते बुश त्या गाडीला पुढे कित्येक वर्षं चालले.

त्यानंतर आम्ही ठरवलं की इंजिनाची कामं घ्यायची नाहीत. सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, एवढंच. घरात या निर्णयावर बरीच चर्चा झाली, कारण क्लच आणि इंजिनाच्या हेडच्या कामात पैसा सुटतो आणि मुलगा तेव्हा नुकताच शाळेत जायला लागला होता. हिशेबाची वही बायको सांभाळते. तिनं दोन वर्षांचे आकडे मांडून दाखवले. पहिल्या वर्षी धंदा अर्ध्यावर येईल, असं ती म्हणाली आणि तसंच झालं. तरी तीच म्हणाली, "एक काम धड करू." तेव्हापासून प्रत्येक गाडीची वेगळी नोंद ठेवायची पद्धतही तिचीच.

2012 साली कर्ज काढून व्हील अलाइनमेंटचं मशिन घेतलं. या मशिनबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे, तो इथे सांगायलाच हवा. छोट्या गाड्यांमध्ये अलाइनमेंट म्हणजे बहुतेक वेळा फक्त टो लावता येतो, म्हणजे चाकांची तोंडं आत वळली आहेत की बाहेर, तेवढंच. ते टाय रॉडवर जमतं. कॅम्बर, म्हणजे समोरून बघताना चाक किती कलतं, ते बऱ्याच गाड्यांना फिरवून लावायची सोयच नसते. स्क्रीनवर कॅम्बर लाल दिसला तर कुठलातरी भाग वाकलाय किंवा झिजलाय. स्ट्रट बघा, लोअर आर्म बघा, त्यांना धरणारा खालचा आडवा क्रॉसमेंबर बघा. ढिला बॉल जॉइंट तसाच ठेवून केलेली अलाइनमेंट गेटबाहेर पडेपर्यंतही टिकत नाही, आणि तो जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं. म्हणून आमच्याकडे गाडी मशिनवर चढण्याआधी प्रत्येक चाक उचलून, हातानं हलवून, आर्मला टॉमी, म्हणजे छोटी पहार, लावून बघितलं जातं. त्याचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

आमचा सीझन म्हणजे गणपती. मुंबईहून चाकरमानी येतात, पाच माणसं, वर कॅरिअरला बांधलेलं सामान, आणि परत जाताना डिकीत नारळ आणि तांदळाची पोती. वर्षभर ऑफिसला एकट्या माणसाला घेऊन जाणारी गाडी त्या दोन दिवसांत आयुष्यातलं सगळ्यात जड काम करते. गाडी खाली लागते म्हणून स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबर घालून द्या, अशी मागणी दरवर्षी असते. मी देत नाही. रबर घातलेलं वेटोळं दबायचं थांबतं, त्याचा भार उरलेल्या वेटोळ्यांवर जातो आणि स्प्रिंग तिथे तुटते. काही लोक नाराज होऊन दुसरीकडे जातात. त्यांना मी एवढंच सांगतो की वजन असताना हवा किती भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, ते बघून भरा, आणि खड्डा दिसला की ब्रेक आधी मारा, चाक खड्ड्यात उतरताना पाय सोडा. ब्रेक दाबलेला असताना पुढची स्प्रिंग आधीच अर्धी बसलेली असते, खड्डा घ्यायला तिच्यात जागाच उरत नाही. ऑल्टोसारख्या बारा इंची चाकाच्या गाडीला तर हे फार जपावं लागतं, कारण लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं.

22 जुलै 2021. चिपळूणकरांना पुढचं सांगायची गरज नाही. वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी शेडमध्ये माळ्यापर्यंत गेलं. मशिन, कॉम्प्रेसर, प्रेस, आत उभ्या असलेल्या तीन गाड्या, सगळं त्यात. सतरा वर्षांच्या वह्या माळ्यावर ठेवल्या होत्या, त्यांचा लगदा झाला. बायको चिखलात बसून एकेक पान सोडवायचा प्रयत्न करत होती, ते मला अजून दिसतं.

पण काम थांबवून चालणार नव्हतं, गावातल्या कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. जो तो इंजिन, वायरिंग आणि सीटच्या मागे लागला, ते साहजिकच होतं. आम्ही चाकं उघडायला घेतली. हब बेअरिंगमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगमधलं, ग्रीस दुधासारखं पांढरट झालेलं, मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये गाळाचा थर, स्ट्रट बेअरिंगमध्ये बारीक रेती. धुऊन वाळवून चालू केलेली गाडी काही दिवस गप्प असते आणि दोन-तीन महिन्यांनी घरघर सुरू होते, तेव्हा लोकांना पुराची आठवणही येत नाही. बॉल जॉइंटचं रबरी टोपण फाटलेलं असेल तर आत गेलेलं पाणी बाहेर येतच नाही. बुडालेली गाडी घ्यायची वेळ आली तर या चार जागा आधी उघडून बघा.

त्या दिवाळीत एक गिऱ्हाईक आलं आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातून आमचीच जुनी बिलं काढून बायकोपुढे ठेवली. "वहिनी, यातून उतरवून घ्या." मग दुसरं आलं, तिसरं आलं. वरच्या वाड्यांमधल्या, पाणी न पोचलेल्या घरांतून लोकांनी बिलं आणली. बाईंनी तर 2007 पासूनची टाचून ठेवली होती. सगळ्या नोंदी परत मिळाल्या नाहीत, पण आज वापरात असलेली वही त्या बिलांवर उभी आहे.

नवं मशिन घ्यायला दीड वर्ष लागलं. त्याच्याबरोबर लिफ्ट घेतली ती चाकांखाली पट्ट्या असलेली, म्हणजे गाडी वर गेली तरी वजन चाकांवरच राहतं. दोन खांबांची लिफ्ट स्वस्त पडली असती, पण तिच्यावर चाकं लटकतात. आता आम्ही पाच जण आहोत. त्यातली एक आयटीआयची मुलगी, तिचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे. बोल्ट हातानं लावून झाला की ती स्वतःच ओरडते, "खाली घ्या, मग आवळा."

काल संध्याकाळी वहीत तिच्या अक्षरातली शेवटची नोंद अशी होती : वॅगनआर, पुढून डावीकडे बारीक किर्र, फक्त उतारावर, फक्त डावं वळण. लिंक रॉड ठीक, बॉल जॉइंट ठीक, माउंट ठीक. आवाज सापडला नाही. सकाळी सात वाजता गाडी कुंभार्ली घाटात न्यायची, मी मागच्या सीटवर बसणार.