मानेला पट्टा का नाही लावलास? तुम्ही विचारलंत म्हणून

"अगं गाडीला मागून ठोकर बसली ना तुमच्या, मग मानेला पट्टा का नाही लावलास?" हा प्रश्न मला सोसायटीतल्या काकूंपासून ऑफिसातल्या मुलींपर्यंत सगळ्यांनी विचारलाय, अगदी काळजीने विचारलाय, पण लिफ्टमध्ये उभं राहून नीट सांगता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

डॉक्टरांनी तपासून नको सांगितला, म्हणून नाही लावला. आणि त्यांनी का नको सांगितला हे समजल्यावर मला ते मनापासून पटलं.

सिग्नलला उभ्या गाडीला मागून धडक बसली की सीट आपल्या पाठीला पुढे ढकलते पण डोकं तिथंच मागे राहतं. त्या क्षणाला मानेचे खालचे मणके मागे वाकतात आणि वरचे पुढे, मग सगळं डोकंच मागे जातं आणि परत पुढे येतं, आणि हे इतक्या झटक्यात होतं की स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही. याला व्हिपलॅश म्हणतात. ताण बसतो तो स्नायूंना, लिगामेंटना म्हणजे हाडांना हाडं जोडणाऱ्या चिवट बंधांना, मणक्यांच्या मागच्या बारक्या सांध्यांना, आणि यातलं काहीच एक्सरेत दिसत नाही. त्यामुळे एक्सरे नॉर्मल आला म्हणजे दुखणं मनाचं आहे असं कृपा करून कुणाला म्हणू नका, फार लागतं ते. बऱ्याच जणांना त्या दिवशी काही वाटतही नाही, दुसऱ्या दिवशी उठताना मान धरलेली असते, माझंही तसंच झालं, डोक्याच्या मागून कपाळापर्यंत ठणका आणि कुणी हाक मारली की अख्खं अंग वळवायचं.

पूर्वी अशा पेशंटला सर्रास पट्टा द्यायचे. १९९५ साली कॅनडातल्या क्विबेकमध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने तोवरचा सगळा अभ्यास चाळून या दुखापतीच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरवल्या, एक म्हणजे नुसतं दुखणं आणि आखडणं, दोनमध्ये तपासताना मान कमी वळते, दाबलं की दुखतं, तीनमध्ये नस दबल्याची लक्षणं, चारमध्ये फ्रॅक्चर किंवा मणका सरकलेला. एक आणि दोन या पायऱ्यांत मान बांधून ठेवण्यापेक्षा लवकर हलती ठेवलेली बरी, हे त्यांनी ठामपणे मांडलं. पट्ट्यात मान ठेवली की स्नायू आळसावतात, आखडतात, आणि हलवायची भीती बसते ती वेगळीच. मी दोन नंबरच्या पायरीवर होते. तुमचं फ्रॅक्चर असेल किंवा डॉक्टरांनी पट्टा सांगितला असेल तर माझं ऐकून काढू नका, ती गोष्टच वेगळी आहे.

मग घरी काय केलं? जिथे दुखायला लागेल त्याच्या अलीकडेच थांबून मान डावीकडे उजवीकडे वळवायची, हनुवटी हलकेच आत घ्यायची, खांद्याची पाती मागे जवळ आणायची, थोडं थोडं पण दिवसातून बरेच वेळा. शेक घेतला, सुरुवातीला डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉल घेतली म्हणजे व्यायाम तरी करता येतो. खरा त्रास घरकामातच कळतो. विळीवर बसून भाजी चिरणं बंद, ओट्यावर चाकूने चिरायची. वरच्या दोरीवर कपडे वाळत घालताना मान मागे टाकावी लागते, ते काम नवऱ्याकडे. तांदळाचा डबा खाली ठेवला. मोबाईल मांडीवर ठेवून बघायचा नाही, डोळ्यांसमोर धरायचा. पण चालणं, स्वयंपाक, ऑफिस हे सुरू ठेवलं, पडून राहिले नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगते, मालिशवाल्याकडून किंवा सलूनमध्ये मान कडाकड मोडून घेऊ नका. मानेतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात, त्यांना इजा झाली तर लकवासुद्धा होऊ शकतो.

आणि हाताला मुंग्या, हातातली ताकद कमी होणं, चालताना तोल जाणं, दोन दोन दिसणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, किंवा मणक्याच्या बरोबर मधोमध हाडावर दाबलं की कळ येणं, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय नकोत, लगेच हॉस्पिटल गाठा.

बहुतेकांना काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत आराम पडतो, मध्ये एखादा दिवस परत वाईट जातो, तेव्हा घाबरून सगळं थांबवू नका. माझी मान आता रिक्षा येतीय का बघायला पूर्ण वळते, गाडी रिव्हर्स घेताना अजून थोडी ओढ लागते, व्यायाम चालू आहे.

आज घरी गेल्यावर गाडीतली हेडरेस्ट तेवढी बघा. आपल्याकडे ती खाली दाबूनच ठेवलेली असते, मानेच्या मागे. तिचं वरचं टोक डोक्याच्या टोकापर्यंत यायला हवं आणि डोकं आणि तिच्यात जेमतेम चार बोटांचं अंतर, मागच्या सीटवर आई-बाबा बसत असतील तर त्यांचीही वर ओढा.